जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली म्हणजे समाजाची स्मृती का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. समाजशास्त्रात एम.ए. झाल्यावर माध्यमे आणि सामूहिक स्मृती या विषयावर पीएच.डी. करण्याचा तुमचा विचार आहे, त्यात सामाजिक विषमतेचा धागा आणावा असे मार्गदर्शकांनी सुचवले आहे, आणि जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या फाइली चाळल्या तर समाजाला काय आठवते व काय आठवत नाही हे दाखवता येईल का, असे तुम्हाला विचारायचे आहे. नुसत्या फाइलींवरून ते दाखवता येणार नाही, असे माझे मत आहे. माझी हरकत तुमच्या विषयाला नसून पद्धतीला आहे. ज्यांच्या हाती छापखाना होता आणि ज्यांचे छापलेले पुढे कोणीतरी जपून ठेवले, त्यांनी काय नोंदवले एवढेच फाइलीतून कळते. माझ्या संशोधनाची पहिली दोन वर्षे मी याच गैरसमजात घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिद्धान्ताचा भाग लवकर उरकतो, कारण तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळेल. माणूस एकटा आठवत नाही, कुटुंब, धर्म, वर्ग अशा समूहांनी पुरवलेल्या चौकटींत आठवतो, ही मांडणी मोरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये केली. पुढे १९४५ मध्ये बुखेनवाल्डच्या नाझी छळछावणीत त्याचा मृत्यू झाला. यान आसमान या जर्मन अभ्यासकाने त्यात एक उपयोगी भेद आणला: तोंडी सांगण्यातून चालणारी स्मृती साधारण ८० ते १०० वर्षे, म्हणजे तीन-चार पिढ्या टिकते, आणि त्यानंतर ती टिकवायची तर ग्रंथ, स्मारक, विधी, सण असे काहीतरी उभारावे लागते. हे उभारण्याची साधने सर्वांकडे सारखी नसतात, आणि विषमतेचा प्रश्न नेमका येथूनच विषयात शिरतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला जमलेले लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्यायले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सदस्य सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच संमत केला होता, आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते, पण ते खुलेपण कागदावरच राहिले होते. पाणी प्यायल्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला, तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले, प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल लागायला १९३७ साल उजाडले. हा तपशील तुम्हाला ठाऊक असेल. लक्ष मात्र पुढच्या तारखेकडे द्या. पाणी प्यायल्याला जेमतेम १४ दिवस झाले होते, तेव्हा ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांचे 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झाले. घटना आणि तिची नोंद करणारे माध्यम जवळजवळ जोडीने जन्माला आले, कारण इतरांच्या रकान्यांत आपली बाजू जशीच्या तशी येणार नाही हे बाबासाहेबांना अनुभवाने कळून चुकले होते. त्याआधी ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांचेच 'मूकनायक' हे पाक्षिक निघाले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिल्याची नोंद चरित्रग्रंथांत आहे. म्हणजे १९२७ च्या महाडबद्दल केवळ प्रस्थापित वर्तमानपत्रे वाचून निष्कर्ष काढणारा संशोधक, ज्या व्यवस्थेची तपासणी करायची त्याच व्यवस्थेला साक्षीदार म्हणून बोलावत असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट जपणुकीची आहे. 'केसरी' १८८१ पासून अखंड निघत राहिला, त्याला संस्था होती, वाडा होता, वर्गणीदार होते, त्यामुळे त्याच्या फाइली बांधून ठेवल्या गेल्या. 'बहिष्कृत भारत' नोव्हेंबर १९२९ मध्ये बंद पडले. अंकाचे रकानेच्या रकाने आपल्याला एकट्याला लिहून काढावे लागतात, असे संपादकानेच त्यात लिहिले होते, यावरून त्या पत्रामागे किती मनुष्यबळ होते याची कल्पना येईल. त्याचे अंक पुढे चळवळीतील लोकांनी घरोघरी, ट्रंकांत आणि फडताळांत सांभाळले, आणि सर्वसामान्य वाचकाला ते सलग वाचता आले ते राज्य शासनाने १९९० मध्ये पुनर्मुद्रण केल्यावर. मधल्या सहा दशकांत ज्यांनी महाराष्ट्राच्या पत्रकारितेचा इतिहास लिहिला, त्यांच्यापैकी किती जणांच्या टेबलावर हे अंक होते, हा प्रश्न तुमच्या प्रबंधातले एक प्रकरण होऊ शकतो. अनुपस्थिती हा पुरावाच असतो. मात्र ती विस्मरणामुळे आली, नोंदच न झाल्यामुळे आली की झालेली नोंद ग्रंथालयापर्यंत न पोहोचल्यामुळे आली, हे वेगवेगळे तपासावे लागते. मी सुरुवातीला या तिन्हींना एकच नाव दिले होते, 'माध्यमांचे मौन'. शब्द भारदस्त होता, पण त्यातून कळत काहीच नव्हते.

बातमी कोण लिहितो याचीही आकडेवारी आहे, आणि ती तुम्हाला लागेल. २००६ मध्ये दिल्लीतील ३७ हिंदी व इंग्रजी 'राष्ट्रीय' माध्यमसंस्थांमधील निर्णय घेणाऱ्या ३१५ पत्रकारांची पाहणी झाली, तेव्हा त्यांत अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा एकही जण आढळला नाही. ही पाहणी मराठी वृत्तपत्रांची नव्हती, त्यामुळे तिचे आकडे थेट मराठीवर लावू नका. मराठी संपादकीय विभागांची अशी मोजणी तुम्हीच केलीत तर ते स्वतंत्र योगदान ठरेल.

आता मौन म्हणून मी जे समजलो होतो त्याच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातील आपल्या केंद्रातर्फे सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे, आणि आता त्यांतील बऱ्याच ओव्या ध्वनिमुद्रणासह इंटरनेटवर ऐकता येतात. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्यांचा मोठा भाग आहे. ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती, ज्यांचे नाव कोणत्याही बातमीत आले नाही, त्या पहाटे दळताना बाबासाहेबांना भाऊ म्हणून, बाप म्हणून गात होत्या. जाते हे त्यांचे माध्यम होते, आणि पिठाच्या गिरण्या आल्यावर ते माध्यम हळूहळू बंद पडले. पुढे तीच सामग्री आंबेडकरी जलशांत, मग गायन पार्ट्यांत, कॅसेटींत आणि आता मोबाइलवर गेली. वर्तमानपत्रापुरते पाहणाऱ्याला या प्रवासातले काहीच दिसत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर माध्यम या शब्दाचा अर्थच ताणावा लागतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच दुसरी परिषद भरली, २५ तारखेला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे जड दागिने सोडा, असे त्यांनी सांगितले. चित्रे आणि तिपनीस या बाबासाहेबांच्या सवर्ण सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रियांनी जमलेल्या बायकांना पायघोळ नेसायला मदत केल्याचे सांगितले जाते. दहनाची चर्चा वर्तमानपत्रांत झाली, पण लुगडे ज्यांनी बदलले त्यांच्याकडे ती आठवण नेसण्याच्या सवयीतून राहिली. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले. पद्धतीच्या दृष्टीने ते सिद्धान्ताच्या चार जाड ग्रंथांच्या आधी वाचा, असे मी आग्रहाने सांगेन.

मुलाखतींबद्दल एक अनुभव सांगतो. रायगड जिल्ह्यातील एका वस्तीत एका वृद्ध बाईंनी मला वडिलांकडून ऐकलेली चवदार तळ्याची हकीकत सांगितली. त्यांच्या कथनात तळ्याचे पाणी पिणे आणि धम्मदीक्षा एकामागोमाग, जणू एकाच मोसमात घडत होते. दीक्षा नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाली, म्हणजे मध्ये जवळजवळ तीस वर्षे आहेत. मी वहीत 'कालविपर्यास' असा शेरा मारून पुढे गेलो. नंतर इटालियन मौखिक इतिहासकार आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचे काम वाचले. तेर्नी या पोलादनगरीत लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला, पण गावातील अनेक कामगार तो मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीविरोधी लढ्यात झाल्याचे सांगत. पोर्तेल्ली या चुकीकडे अडचण म्हणून पाहत नाहीत, तिला अर्थ आहे असे मानतात: ज्या लढ्याला लोकांनी महत्त्व दिले त्या लढ्याशी त्यांनी मृत्यू जोडला. मग मला त्या बाईंचे कथन नव्याने कळले. त्यांच्या दृष्टीने पाणी आणि दीक्षा ही एकाच गोष्टीची दोन टोके होती, आणि मधली तीस वर्षे फक्त माझ्यासारख्याला हवी होती. मी सवर्ण घरातला आहे, आणि माझ्यासमोर त्या काय गाळत असतील हाही प्रश्न त्या शेऱ्यात मी विचारला नव्हता.

फाइली वापरू नका असे मी म्हणत नाही. त्या वापराच, पण शोधाचे शब्द काळाप्रमाणे बदला. १९२७ च्या मजकुरात 'दलित' शोधाल तर हाती फारसे लागणार नाही, तेथे 'अस्पृश्य', 'अंत्यज', 'बहिष्कृत' हे शब्द घ्यावे लागतील, १९३० च्या दशकापासून 'हरिजन', आणि १९५६ नंतर 'पूर्वास्पृश्य' व 'नवबौद्ध'. कोणत्या वर्षी कोणते वर्तमानपत्र कोणता शब्द सोडते, हाच एक निष्कर्ष असतो. दुसरी अडचण यंत्राची आहे: जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांचे संग्रह शब्द टाकून शोधता येतात, जुन्या देवनागरी छपाईचे बहुतेक येत नाहीत, त्यामुळे मुंबईचा इतिहास इंग्रजी वर्तमानपत्रांवरून लिहिण्याचा मोह होतो. तो आवरा.

तारखांचाही असाच वेगळा अभ्यास करता येतो. ६ डिसेंबर हा १९५६ पासून महापरिनिर्वाणाचा दिवस आहे. १९९२ नंतर त्याच तारखेवर बाबरी मशीद पाडल्याची आठवण येऊन बसली. चैत्यभूमीवर त्या दिवशी लाखो लोक येतात आणि पुस्तकांची प्रचंड विक्री होते, पण मी पाहिलेल्या बऱ्याच फाइलींत दादरची बातमी गर्दी, वाहतुकीतील बदल आणि जादा गाड्या एवढ्यावरच संपते. पुस्तकांच्या स्टॉलचा उल्लेख कोणत्या वर्षापासून येऊ लागतो, हे मी आपल्यापुरते नोंदत आलो आहे. २५ डिसेंबर हा स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळावा, ही दलित स्त्री संघटनांची १९९० च्या दशकातील मागणीही येथेच येते. ८ मार्चला पुरवण्या काढणाऱ्या वर्तमानपत्रांनी तिला किती जागा दिली, ते मोजून पाहा.

तुम्ही महाडच घेणार असाल तर वेळेचा हिशेब आधी करा. २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षे पूर्ण होतात, आणि आसमानच्या हिशेबाने तोंडी स्मृतीची मुदतही तेव्हाच संपते. परिषदेला गेलेल्यांची मुलेही आता फार वृद्ध आहेत. शताब्दीच्या विशेषांकांचा, मालिकांचा आणि भाषणांचा पूर आला की लोक स्वतःची आठवण आणि वाचलेले-पाहिलेले वेगळे करू शकणार नाहीत. म्हणून ग्रंथालयातले काम मागे ठेवा, बांधलेल्या फाइली कुठे जात नाहीत. आधी महाड, पोलादपूर, दापोली, खेड या भागातील वस्त्यांमध्ये मुलाखती करून घ्या, त्यांची ध्वनिमुद्रणे सांगणाऱ्यांच्या घरी देऊन या, आणि शताब्दी सरल्यावर त्याच लोकांकडे पुन्हा जा.