'शून्य गुरुत्वाकर्षण' म्हणावं का?

प्रश्न असा: अंतराळस्थानकातल्या तरंगण्याला 'शून्य गुरुत्वाकर्षण' म्हणावं की 'सूक्ष्मगुरुत्व'?

दोन्ही नकोत. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर होते, तेव्हा 'गुरुत्वाकर्षण नसलेल्या अंतराळातून' हे ऐकून कान किटले. स्थानक जेमतेम ४०० किमी वर आहे. पुण्याहून पणजीला जाणारा रस्तासुद्धा त्याहून लांब. गुरुत्वत्वरण (पडत्या वस्तूचा वेग वाढण्याचा दर) पुण्यात ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग, तिथे सुमारे ८.७. याला शून्य म्हणायचं? 'सूक्ष्म' म्हणावं अशी तिथे असतात ती विरळ हवेच्या घर्षणातून आणि यंत्रांच्या थरथरीतून येणारी बारीक त्वरणं. गुरुत्व चांगलं दणकट असतं.

'गुरुत्व'मधला गुरू म्हणजे ग्रह नव्हे, शिक्षकही नव्हे. गुरू म्हणजे जड. (सुटा 'गुरू' दीर्घ, पण 'गुरुत्व' ऱ्हस्व. 'गुरूत्वाकर्षण' छापणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) 'गौरव' त्यातूनच आला, म्हणजे सत्कारमूर्तीला आपण शब्दशः जड करतो. लॅटिन 'ग्राविस' आणि ग्रीक 'बारुस' ही त्याची भावंडं. त्यामुळे 'ग्रॅव्हिटी' आणि 'बॅरोमीटर' दोन्ही आपल्या गुरूच्या गोतावळ्यातले.

पण खरी मजा कणाद ऋषींच्या वैशेषिकसूत्रांत, म्हणजे वैशेषिक दर्शनाच्या मूळ ग्रंथात आहे. हातात धरलेल्या मुसळाची चर्चा चालू असताना सूत्र येतं: 'संयोगाभावे गुरुत्वात् पतनम्'. आधार सुटला की जडपणामुळे पडणं. अंतराळवीराची अवस्था याहून नेमकी सांगता येणार नाही! आधार नाही, गुरुत्व आहे, म्हणून पतन. पुढे बाणाबद्दल मात्र कणाद घसरतात: वेगाचा संस्कार (बाणात भरलेला जोर) संपला की बाण पडतो, असं ते म्हणतात. बाण सुटल्या क्षणापासून पडतच असतो. स्थानकही तसंच. सेकंदाला साधारण ७.७ किमी पुढे जाताना ते सरळ रेषेपासून ४.३ मीटर खाली पडतं. कक्षेची गोलाईही तेवढ्या अंतरात तेवढीच वळते, म्हणून जमीन जवळ येत नाही. आतला ताणकाटा शून्य दाखवतो, कारण काटा आणि त्याला टांगलेली वस्तू बरोबरच पडत असतात. वस्तुमान तसूभरही घटत नाही. तिथे जड पेटी ढकलायला तेवढाच जोर लागतो आणि थांबवायलाही.

'आकर्षण' हा उत्तरार्ध भास्कराचार्यांच्या 'आकृष्टिशक्ती'च्या कुळातला. पण त्यावरून 'न्यूटनच्या आधी आपणच' म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. पृथ्वी जड वस्तूंना ओढते, हे भास्कराचार्यांकडे आहे. वस्तूही पृथ्वीला तेवढ्याच बळाने ओढते आणि अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते, हे नाही.

हां, मूळ प्रश्न. 'निराधार अवस्था' अचूक ठरली असती, पण तो शब्द सरकारी अनुदान योजनेने अडकवला आहे. 'वजनरहित अवस्था' लिहा. बोलताना 'अधांतरी' चालेल.