बाळाच्या वाटीतल्या हिरव्या भाज्या: तुमचे प्रश्न

थंडी पडली आणि बाजारात मटार, पालक, चाकवत, वालपापडी दिसायला लागली की बाळाच्या हिरव्या प्युरीबद्दलचे प्रश्नही वाढतात. यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी जे अनेकींनी विचारलेत, ते घेतले आहेत. माझं मत आधीच सांगते. भाजीची प्युरी चव लावायला आणि जीवनसत्त्वांसाठी उत्तम आहे, पण बाळाचं पोट तिच्यावर भरायचं नाही. पोट भरायला डाळ, तांदूळ आणि तूप हवंच, आणि मिक्सर लवकरात लवकर कपाटात परत जायला हवा.

प्रश्न: बाळ साडेपाच महिन्यांचं आहे. आमच्या ताटाकडे टक लावून बघतं, हात घालतं. आतापासून भाजीची प्युरी दिली तर चालेल का? पहिली भाजी कोणती? (इंदिरानगर)

उत्तर: सहा महिने पुरे होऊ द्या. तोवर आईचं दूध पुरतं, वरचं पाणीही लागत नाही. ताटाकडे बघणं हे कुतूहल आहे, भूक असेलच असं नाही. सहा महिने झाले, मान नीट धरली गेली, आधाराने बसता आलं आणि चमचा तोंडाशी नेल्यावर जीभ तो बाहेर ढकलत नसली की सुरुवात करा. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर तारीख तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्या. उष्टावणाचा मुहूर्त आठ-दहा दिवस पुढे गेला तर बिघडत नाही, पण मुहूर्त लवकर निघतोय म्हणून पाचव्या महिन्यात खीर चाटवू नका.

पहिली भाजी म्हणून दुधी, मटार, घेवडा किंवा दोडका यांतली कुठलीही चालेल. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून एक-दोनदा. नवी भाजी दोन-तीन दिवस सलग द्या, म्हणजे काही त्रास झालाच तर कशामुळे ते कळतं.

दुधीबद्दल मात्र एक काळजी न चुकता घ्या. चिरताना देठाकडचा बारीकसा काप काढून जिभेच्या टोकाला लावा आणि थुंकून टाका. जराही कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या. त्यातला कडू अंश विषारी असतो, शिजवूनही जात नाही, आणि मोठ्या माणसालाही त्याने उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दोडका, घोसाळी, काकडी यांनाही हाच नियम. बाळ कडू चव सांगू शकत नाही, म्हणून ही चव तुम्हीच घ्यायची.

प्रश्न: मुलगी आठ महिन्यांची आहे. दिवसातून दोनदा वाटीभर दुधीची किंवा पालकाची प्युरी आवडीने खाते, तरी दोन महिन्यांत वजन जेमतेम वाढलं. सासूबाई म्हणतात, डाळीचं पाणी द्या. (सिडको)

उत्तर: मुलगी आवडीने खाते आणि तरी वजन अडतं, याचं कारण वाटीतच आहे. दुधीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. १०० ग्रॅम दुधीतून जेमतेम १२ ते १५ किलोकॅलरी मिळतात. आईच्या १०० मिली दुधात साधारण ६५ ते ७० असतात. म्हणजे वाटीभर दुधीने पोट भरलं की मुलगी दूध कमी पिते, आणि दुधापेक्षा कितीतरी हलकं अन्न तिच्या पोटात जातं. डाळीच्या पाण्याचंही तेच. सासूबाईंचा हेतू अगदी योग्य आहे, पण ताकद डाळीत असते आणि वरचं पाणी काढून दिलं की डाळ भांड्यातच राहते. त्यांना हे समजावताना फक्त एवढं म्हणा, "आई, पाणी नको, डाळच देऊ या."

आता काय करायचं ते सांगते. दोन चमचे तांदूळ, एक चमचा मूगडाळ, धुऊन अर्धा तास भिजवा. त्यात बचकभर चिरलेली भाजी घाला: दुधी, घेवडा, मटार, जे असेल ते. बाळापुरतं लहान भांडं कुकरमध्ये ठेवून चार-पाच शिट्ट्या करा. मीठ नाही. निवल्यावर मिक्सरला न लावता पुरणयंत्रातून काढा. पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून जो गोळा खाली पडतो, तो या वयाला हवा तसाच असतो: मऊ, पण अगदी गुळगुळीत नाही, आणि मटाराची सालं वर अडकतात. वरून चमचाभर साजूक तूप. चहाच्या चमच्याएवढ्या तुपाने चाळीस-पंचेचाळीस किलोकॅलरी वाढतात, शिवाय हिरव्या भाजीतलं कॅरोटीन, ज्यातून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, ते स्निग्धाशिवाय नीट अंगी लागत नाही.

दाटपणा कसा ओळखायचा? चमचा तिरका केला तर अन्न चमच्यावर थांबलं पाहिजे. धार लागून ओघळलं तर ते पातळ आहे. सैल करायचंच असेल तर साध्या पाण्याऐवजी भाजी शिजवलेलं पाणी किंवा तुमचं दूध घाला.

आठव्या महिन्यात अशी साधारण अर्धी वाटी, दिवसातून तीनदा, आणि स्तनपान चालूच. घरात अंडं, मासे, चिकन चालत असेल तर तेही नीट शिजवून, कुस्करून आता देता येतं. मासे-चिकनमधलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा बाळाला सहज मिळतं. महिनाभरात वजनाचा काटा हलला नाही तर डॉक्टरांना दाखवा, वाट बघत बसू नका.

प्रश्न: पालकात लोह भरपूर म्हणून रोज द्यावा असं एकजण सांगते, दुसरी म्हणते लहान मुलाला पालक नकोच. शिवाय माझी प्युरी शेवाळी-तपकिरी होते. चिमूटभर सोडा घातला तर रंग राहील का? (नाशिक रोड)

उत्तर: दोघींच्या म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे. १०० ग्रॅम पालकात सुमारे ३ मिलिग्रॅम लोह असतं, पण ऑक्झलेट आणि इतर घटकांमुळे त्यातलं फार थोडं शोषलं जातं. म्हणून एकट्या पालकाच्या भरवशावर राहू नका. लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व लागतं. शिजवून झाल्यावर चार थेंब लिंबू पिळा, किंवा टोमॅटो बरोबर शिजवा.

"नकोच" म्हणणारीचा मुद्दा बहुधा नायट्रेटचा असावा. पालकात ते मुळातच जास्त असतं. शिजवून वाटलेला पालक तासन्‌तास बाहेर राहिला की जंतू त्याचं नायट्राइट करतात, आणि नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. जितकं बाळ लहान, तितका धोका जास्त. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोन-तीनदा, ताजा शिजवलेला, डाळीत थोडा मिसळलेला पालक द्यायला काहीच हरकत नाही. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून काढा आणि ते पाणी फेका. नायट्रेट आणि ऑक्झलेट दोन्ही काही प्रमाणात त्याबरोबर जातात. बाळाला जुलाब होत असतील त्या दिवसांत पालक बंद.

सोडा अजिबात नको. रंग राहतो, पण क जीवनसत्त्व आणि ब गटातलं थायमिन जातं, वर सोडियम वाढतं. पालक झाकण ठेवून खूप वेळ शिजला की त्याच्यातल्याच आम्लाने रंग मरतो. उघड्या भांड्यात थोडाच वेळ शिजवा, लगेच थंड पाण्यातून काढा, लिंबू अगदी शेवटी. तरी शेवाळी झालाच तर तसाच द्या, बाळाला काही फरक पडत नाही.

लोहाबद्दल आणखी एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ६ ते ५९ महिन्यांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. म्हणूनच सरकारी कार्यक्रमात या वयाला आठवड्यातून दोनदा १ मिली लोह-फॉलिक आम्लाचं औषध दिलं जातं. तुमच्या आशाताईंकडे किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. कुठलीही प्युरी त्याची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न: अंबडला कंपनीत शिफ्टला जाते. बाळ आजीकडे. रविवारी एकदम प्युरी करून ठेवली तर? (पाथर्डी फाटा)

उत्तर: ठेवा, आणि मनाला लावून घेऊ नका. मटार, घेवडा, दुधी, वालपापडी गोठवायला चांगल्या. शिजवून वाटल्यावर भांडं थंड पाण्याच्या परातीत ठेवून पटकन निववा, बर्फाच्या स्वच्छ ट्रेमध्ये ओता, झाका, फ्रीझरमध्ये ठेवा. गोठल्यावर वड्या काढून डब्यात भरा आणि डब्यावर तारीख लिहा. महिनाभरात संपवा. आजींनी लागतील तेवढ्याच वड्या काढून ताज्या वरणभातात घालून वाफ येईपर्यंत गरम करायच्या. एकदा गरम केलेलं पुन्हा फ्रीजमध्ये जाणार नाही, आणि बाळाच्या उष्ट्या चमच्याचं तर नाहीच. फ्रीझरऐवजी खाली फ्रीजमध्ये ठेवलेली प्युरी चोवीस तासांत संपवा. पालक यात धरू नका, तो त्या दिवसाचा त्या दिवशी. आणि दिवसभर वीज गेली आणि वड्या वितळल्या तर पुन्हा गोठवू नका, टाकून द्या.

प्रश्न: आमची द्राक्षबाग आहे, बांधावर घरापुरती भाजी लावतो. फवारणीची भीती वाटते. बुधवारच्या बाजारातून गोदाघाटावरची भाजी आणलेली बरी का? आणि बोअरचं पाणी उकळून वापरतो, ते चालेल ना? (दिंडोरी)

उत्तर: घरच्या भाजीवर काय पडलं ते तुम्हाला माहीत असतं, हा मोठा फायदा आहे. द्राक्ष बागायतदाराला पीएचआय, म्हणजे तोडणीआधीचे प्रतीक्षेचे दिवस, शिकवायला नको: फवारणी आणि तोडणी यांत जितके दिवस निर्यातीच्या मालासाठी सांभाळता, तेवढेच बाळाच्या वाफ्यासाठी सांभाळा. त्याहून बरं म्हणजे वाफा बागेच्या वाऱ्याखाली घेऊ नका. बागेवर मारलेल्या औषधाचे तुषार पालेभाजीवर बसतात.

भाजी बाजारची असो की घरची, धुण्याची रीत एकच. मुळं आणि पिवळी पानं काढा, मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन पालेभाजी बुडवा, हलवा आणि हाताने वर उचलून रोवळीत घ्या. पातेलं रोवळीत उपडं केलंत तर तळाची माती परत पानांवर येते. तीन पाण्यांनी असं करा, शेवटचं पाणी नितळ दिसेपर्यंत. साबण नको. धुण्याने वरचं औषध बरंचसं जातं, झाडात मुरलेलं जात नाही. म्हणूनच प्रतीक्षेचे दिवस पाळणं जास्त मोलाचं.

पाण्याचा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. उकळून जंतू मरतात, पण खतांमधून विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरलेलं नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटलं की उलट त्याचं प्रमाण वाढतं. बोअरच्या पाण्याची नायट्रेटसाठी तपासणी करून घ्या, आणि निकाल येईपर्यंत बाळाचं अन्न शिजवायला आणि प्यायला नळयोजनेचं पाणी आणा, तेही उकळून.

प्रश्न: मेथीची प्युरी तोंडात घेते आणि थुंकते. थोडा गूळ किंवा मध घालू का? (गंगापूर रोड)

उत्तर: मध वर्षाच्या आत मुळीच नाही, चाटवायलासुद्धा नाही. त्यातून बाळाला बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गूळही नको, गोडाशिवाय काही खायचं नाही ही सवय लागते. मेथी कडू आहे, थुंकणारच. चार पानं मूगडाळीत घाला, थुंकली तर दोन दिवसांनी पुन्हा द्या. नवी चव आवडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही जास्त वेळा लागते. जबरदस्तीने तोंडात कोंबू नका.

प्रश्न: पालक दिल्यावर शी हिरवी होते. (देवळाली कॅम्प)

उत्तर: होऊ द्या. पातळ पाण्यासारखी झाली, रक्त दिसलं किंवा बाळ मलूल वाटलं तरच डॉक्टरांकडे जा.

प्रश्न: मुलगा अकरा महिन्यांचा. मिक्सरमधून काढलेलंच खातो, जरा कण लागला की ओकारी काढतो. मी बाबा आहे, सकाळचं भरवणं माझ्याकडे आहे. (सातपूर)

उत्तर: मिक्सर आजपासून हळूहळू सोडायचा. नऊ-दहा महिन्यांपर्यंत कण असलेलं अन्न तोंडात गेलं नाही तर पुढे चावून खायची टाळाटाळ वाढते, त्यामुळे आणखी थांबू नका. पहिले तीन दिवस मिक्सर निम्म्या वेळात बंद करा. मग पुरणयंत्र. मग नुसता डावाने घोटलेला मऊ भात आणि भाजी. रोज एक गोष्ट त्याच्या हातात द्या: बोटाने सहज चिरडेल इतकी मऊ वाफवलेली दुधीची फोड किंवा घेवड्याची शेंग, दोरा काढून. मटार अख्खा नको, चेपून द्या. अख्खे दाणे घशात अडकू शकतात.

ओकारी आणि घुसमट यातला फरक ओळखा. ओकारीत मूल खोकतं, आवाज करतं, चेहरा लाल होतो आणि घास पुढे येतो. तेव्हा शांत बसा, पाठीत धपाटे घालू नका, तोंडात बोट घालू नका. आवाजच येत नसेल, ओठ निळे पडत असतील तर ती घुसमट आहे, तिथे एक क्षणही थांबायचं नाही. भरवणाऱ्या प्रत्येकाने घुसमटीचे प्रथमोपचार बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्यक्ष करून शिकून घ्यावेत, तुम्हीही आणि आजी-आजोबांनीही. मुलगा नेहमी बसूनच खाईल, मोबाइल बंद असेल आणि तुम्ही समोर असाल, एवढं पाळा.

प्रश्न: माहेर हरसूलकडचं. पावसाळ्यात तिकडून कुरडू, टाकळा, शेवळं, तेरं या रानभाज्या येतात. आई म्हणते, तुलाही लहानपणी दिलंय. नऊ महिन्यांच्या बाळाला देऊ? (पंचवटी)

उत्तर: शेवळं आणि तेरं नको. दोन्ही अळूच्या कुळातली, त्यांत सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. आई ती चिंच किंवा काकड (आंबट रानफळ) घालून, भरपूर शिजवून करते, तरी कधीकधी आपल्या घशाला खाज येतेच. बाळाच्या घशाला सूज आली तर श्वासाची अडचण होऊ शकते. घरच्या अळूचं फदफदंही याच कारणाने वर्षाच्या आत टाळा. टाकळाही वर्षानंतरच. कुरडूची कोवळी पानं आईने स्वतः ओळखून खुडलेली असतील तर उकडून, पाणी काढून, डाळीत चमचाभर द्यायला हरकत नाही. पाठवलेल्या जुडीत कुणी ओळखत नाही असं एकही पान दिसलं, तर ती जुडी बाळासाठी वापरू नका.