मोटरसायकलच्या लेदर जॅकेटला, ग्लोव्ह्जना आणि बुटांना कोणते कंडिशनर लावावे? खोबरेल तेल चालते का?

बुलेटवर फिरण्यासाठी घेतलेले लेदरचे जॅकेट, ग्लोव्ह्ज आणि बूट टिकावेत म्हणून त्यांना दुकानदार सुचवतो ते मेण लावावे, ऑनलाइन मिळणारे महागडे कंडिशनर (चामडे मऊ ठेवणारे क्रीम किंवा द्रव) लावावे, की घरची मंडळी म्हणतात तसे खोबरेल तेल लावून भागवावे, असे आपण विचारले आहे. खोबरेल तेलापासूनच सुरुवात करतो, कारण ती चूक मी स्वतः करून बसलो आहे.

आमच्या घरी नवीन कोल्हापुरी वहाण आणली की ती चावू नये म्हणून तिला रात्रभर तेल पाजून ठेवण्याची पद्धत होती. त्याच न्यायाने मी माझ्या पहिल्या जॅकेटला मे महिन्यात भरपूर खोबरेल चोळले आणि वर ते गच्चीत उन्हात टांगले. बहुतेक जागी तेल आत गेलेच नाही; त्याचा चिकट थर वर राहिला आणि त्यावर धूळ बसली. कोपरांच्या घड्यांत जिथे रंगाचा थर बारीक तडकला होता, तिथे मात्र ते मुरले आणि तळहाताएवढे काळपट डाग कायमचे पडले. जुलैमध्ये कपाट उघडले, तेव्हा कॉलरच्या आतल्या बाजूला हिरवट-पांढरी बुरशी धरली होती.

यात तेलाचा दोष नव्हता, चामड्याची जात वेगळी होती. कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते आणि त्यावर रंगाचा बंद थर नसतो, म्हणून ते तेल पिते. मोटरसायकलचे जॅकेट बहुधा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या गाईच्या किंवा म्हशीच्या कातड्याचे, साधारण १.१ ते १.४ मिलिमीटर जाडीचे असते. तंतू एकमेकांवर सहज सरकावेत यासाठी लागणारे स्निग्ध पदार्थ त्यात कारखान्यातच मुरवलेले असतात आणि वर रंगद्रव्य व पॉलिमर यांचा पातळ लेप असतो. बाहेरून आपण काहीही लावले तरी ते आधी या लेपाशी गाठ घेते, आणि बाटलीवरच्या ‘खोलवर पोषण’ वगैरे शब्दांना म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही.

तेव्हा काही विकत घेण्यापूर्वी आपल्या जॅकेटवर लेप आहे की नाही हे पाहा. जॅकेटच्या खालच्या काठाला, आतल्या बाजूने दुमडलेल्या चामड्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि मिनिटभर थांबा. थेंब मण्यासारखा गोल राहिला आणि पुसल्यावर मागे काही उरले नाही, तर चामडे लेपाचे आहे. तो पसरत जाऊन तिथे गडद ठिपका उमटला, तर चामडे उघडे आहे आणि ते तुम्ही द्याल ते शोषून घेईल, चांगलेही आणि वाईटही. खरबरीत पृष्ठभागाचे स्वेड किंवा नुबक असेल तर क्रीम, तेल, मेण यांपैकी काहीही लावू नका. मऊ ब्रश पुरेसा आहे.

लेपाच्या जॅकेटसाठी माझ्या मते कंडिशनरपेक्षा क्लीनर महत्त्वाचा आहे, आणि दोन्हींपैकी एकच घेण्याइतके पैसे असतील तर क्लीनर घ्यावा. चामड्याचे खरे नुकसान घाम, त्यातले मीठ आणि डिझेलच्या धुराची काजळी यांनी होते. शंका असेल तर ओलसर पांढरा सुती फडका कॉलरच्या आतून, मानेला लागतो त्या भागावरून एकदा फिरवा. चहाच्या गाळासारखा तपकिरी पट्टा फडक्यावर उतरला, तर त्याच मळावर कंडिशनर चोळणे म्हणजे न धुतलेल्या अंगाला अत्तर लावणे. क्लीनर निवडताना एक गोष्ट पाहावी: चामडे स्वभावतः आम्लधर्मी असते, त्याचा पीएच साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असतो, तर पारंपरिक सॅडल सोप, म्हणजे खोगिरासारख्या चामडी वस्तूंसाठीचा साबण, अल्कधर्मी असतो आणि त्याचा पीएच ९ ते १० पर्यंत जातो. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबणही म्हणूनच दूर ठेवावा आणि ‘पीएच बॅलन्स्ड’ असे लिहिलेला लेदर क्लीनर घ्यावा. तो थेट जॅकेटवर न ओतता फडक्यावर घ्यावा, आणि त्याआधी कोपर, खांदे व पाठीतले आर्मर, म्हणजे पडल्यावर मार झेलणारे पॅड, काढून ठेवावे.

कंडिशनर घ्यायचा तो पाण्यात मिसळलेला, दुधासारखा पातळ घ्यावा. लेक्सॉलचा क्लीनर आणि कंडिशनर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतो. बिकमोर या १८८२ पासूनच्या अमेरिकन कंपनीचा ‘बिक ४’ चामड्याचा रंग गडद करत नाही, म्हणून फिकट किंवा दुरंगी जॅकेटला तो मला अधिक सोयीचा वाटतो. याच जातीचा दुसरा कोणताही घेतला तरी बिघडत नाही, मात्र नवीन बाटली उघडल्यावर आधी झाकलेल्या जागी लावून एक दिवस वाट पाहावी. पूर्ण जॅकेटला दोन चमचे पुरतात. वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसल्यावर बोटाला ओशटपणा लागला, तर जास्त झाले असे समजावे.

जास्त झाल्याने काय होते, हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मऊ जॅकेट म्हणजे चांगले जॅकेट अशी आपली समजूत असते. नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले) किंवा मिंक ऑइल (मिंक या प्राण्याच्या चरबीचे) वारंवार दिले, तर चामडे गडद तर होतेच, शिवाय सैल पडते आणि ताणले जाते. रायडिंगचे जॅकेट अंगाला बसते म्हणून कोपराचे आर्मर कोपरावर राहते. बाही सैल पडली की घसरताना ते नेमके हवे तिथून सरकते. फॅशनच्या जॅकेटला जे सुख वाटते, ते इथे दुखणे ठरते. जवसाचे तेल तर मुळीच लावू नये. ते हवेत सुकून कडक होते, म्हणूनच ते रंगकामात वापरतात.

डॅशबोर्ड चमकवण्याचे सिलिकॉनचे पॉलिश चामड्याला लगेच नवेपणा आणते आणि म्हणूनच मोह होतो, पण ते ग्लोव्ह्जच्या तळव्यांना किंवा गाडीच्या सीटला लावणे सरळ धोक्याचे आहे, कारण पकड आणि बैठक दोन्ही निसरडी होतात. साधे बूट पॉलिशही जॅकेटला नको. त्यातला रंग पावसात शर्टाला लागतो. ग्लोव्ह्जच्या तळव्यांना मी तर काहीच लावत नाही, फक्त पुसतो, आणि कंडिशनर हाताच्या पाठीकडच्या बाजूला लावतो.

मेणाची जागा बुटांवर आहे, तीही प्रत्येक बुटावर नाही. साध्या चामडी बुटांना, विशेषतः शिवणींवर, मधमाश्यांच्या मेणाचा हात दिला तर पाणी बरेच अडते. पण बुटात गोअर-टेक्ससारखा जलरोधक पडदा असेल, तर मेण आणि ग्रीस टाळून पाण्यावर आधारित वॉटरप्रूफिंग स्प्रे घ्यावा, नाहीतर घामाची वाफ बाहेर जायची वाट बंद होते. भोके पाडलेल्या जॅकेटला मेण लावले की ती भोकेच बुजतात. आणि जॅकेटला काहीही लावले तरी ताम्हिणीच्या पावसात पाणी टाक्यांच्या भोकांतून आत येणारच, त्यामुळे तिथे वरून रेनकोट घालणे हाच उपाय आहे.

भिजून घरी आलात तर जॅकेट जाड हँगरवर पंख्याखाली टांगावे; ऊन, हीटर, केस वाळवण्याचा ड्रायर काही नको. बुटांत वर्तमानपत्र कोंबून ते दोन-तीनदा बदलावे. जवळजवळ सुकल्यावर, अजून थोडा गारवा हाताला लागत असताना, कंडिशनरचा पातळ हात द्यावा.

पावसाळ्यात जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, जुन्या सुती चादरीत ठेवावे आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. बुरशी आलीच तर नाकाला फडके बांधून, घराबाहेर, ती आधी कोरड्या ब्रशने झाडावी आणि मग पांढरे व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन पुसावी. हेही आधी झाकलेल्या जागी तपासून.

वेळापत्रक विचाराल तर मी मेअखेरीस फक्त क्लीनर वापरतो आणि ऑक्टोबरमध्ये, हवा कोरडी झाली की, क्लीनर आणि कंडिशनर दोन्ही. त्याच दिवशी आतले अस्तर, झिपा आणि खांद्यांचे टाके पाहून घेतो. टाका उसवला असेल तर जाड कातडे शिवणाऱ्या मोच्याकडे जाडजूड पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा दोरा वापरायला सांगावे, सुती नव्हे. आपले जॅकेट नवे आहे, त्यामुळे या पावसाळ्यापर्यंत त्याला एका ओलसर फडक्याशिवाय बहुधा काहीच लागणार नाही.