भोपळ्याच्या पोटात दिवा आहे

प्रश्न : ताई, माझा सात वर्षांचा नातू टोरांटोला असतो. यंदा त्याला हॅलोविनचं कार्ड हातानं करून पाठवायचं ठरवलंय. भोपळा आणि मांजर असलेला डिजिटल स्टॅम्प (छापून रंगवायच्या रेखाचित्राची फाइल) विकत घेतला, घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापला आणि जलरंग घेऊन बसले. ब्रश लागताच काळी रेघ फुटली आणि नारिंगी रंग मळका झाला. दुसऱ्या प्रतीत रेघ सांभाळली, पण चित्र अगदी सपाट दिसतंय. काय करू? आणि आत लिहायचं काय?
– एक आजी, ऐरोली

उत्तर : आजी, रेघ फुटली यात तुमच्या हाताचा काही दोष नाही. बऱ्याच इंकजेट प्रिंटरांची शाई पाण्यात विरघळते, ओला ब्रश लागला की ती पसरणारच. जलरंगच वापरायचे असतील तर प्रिंट लेझर प्रिंटरवर काढून घ्या. स्टेशनाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे तो बहुतेक असतोच. लेझरची काळी पूड उष्णतेनं वितळून कागदावर घट्ट बसते, पाणी तिला हलवत नाही. अल्कोहोल मार्करचं (स्पिरिटच्या शाईच्या रंगीत पेनांचं) मात्र उलटं आहे. ते लेझरच्या रेघेला ओढून रंगात मिसळू शकतात, इंकजेटची नीट वाळलेली रेघ त्यांच्यापुढे सहसा टिकते. आपल्याकडच्या दमट हवेत ही शाई वाळायला वेळ लावते, म्हणून रात्री छापा आणि सकाळी रंगवा. साध्या रंगीत पेन्सिलींना दोन्ही प्रिंट चालतात.

दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल देताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलेली फाइल दाबली जाते आणि मांजरीच्या मिशा तुटक छापल्या जातात. 9 सेंटिमीटर रुंद चित्र 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) स्वच्छ यायला सुमारे 1060 पिक्सेल लागतात. ए4 कार्डशीट अर्धी कापून दुमडली की 10.5 बाय 14.8 सेंटिमीटरचं कार्ड होतं, त्यावर एवढं चित्र छान बसतं. कार्डासाठी 250 जीएसएमचा (चौरस मीटरला 250 ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या. त्यावर चिकटवायच्या चित्राचा कागद थोडा पातळ चालेल, पण दुकानातला प्रिंटर किती जाड कागद ओढतो ते आधी विचारा. घडी घालण्यापूर्वी शाई संपलेल्या बॉलपेननं पट्टीच्या कडेनं दाबून रेघ ओढा, म्हणजे कागद फाटल्यासारखा दिसणार नाही.

आता सपाटपणाचं. तुमच्या पत्रातला हाच प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला. डिजिटल स्टॅम्पमध्ये रेघ विकत मिळते, उजेड कुठून येतो हे मात्र आपल्यालाच ठरवावं लागतं. कोरलेल्या भोपळ्याच्या पोटात मेणबत्ती असते. (आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. तिथून अमेरिकेत गेलेल्या लोकांना मोठा, कोरायला सोपा भोपळा मिळाला.) म्हणजे या चित्रात ऊन नाही. सगळा उजेड भोपळ्याचे डोळे, नाक आणि तोंड यांतूनच बाहेर पडतो. दिवाळीत पणतीवर वाकलेल्या मुलीचा चेहरा आठवा: हनुवटी, गाल उजळतात आणि कपाळ अंधारात राहतं. तुमच्या मांजरीचंही तसंच करा. हनुवटी, छाती आणि पंजे पिवळसर, पाठ अंधारात.

भोपळ्याच्या डोळ्यांच्या मध्यभागी रंग लावूच नका, कोरा पांढरा कागद राहू द्या. त्याच्याभोवती लिंबासारखा पिवळा, मग नारिंगी, आणि भोपळ्याच्या बाहेरच्या कडेला विटकरी. सावलीसाठी काळा रंग घेऊ नका. काळ्या सावलीत काळी रेघ बुडते आणि सगळा गिचका होतो. जांभळा घ्या, तो नारिंगीशेजारी रात्रीसारखा दिसतो आणि रेघही शाबूत राहते. मांजर काळीच हवी असेल तरी आधी जांभळा आणि निळा द्या, काळा फक्त पाठीच्या कडेला. स्टॅम्पमध्ये चंद्र असेल तर तो फिकट ठेवा, नाहीतर तो भोपळ्याशी स्पर्धा करतो.

मांजर उठावदार हवी असेल तर आणखी एक प्रत छापा, त्यातली मांजर कापून भोपळ्यापुढे चिकटवा. कापलेल्या कडेवरून काळा मार्कर फिरवायला विसरू नका, ती पांढरी कडा फार डोळ्यांत भरते. खाली जाड फोम टेप लावू नका. पाकीट पोस्टात दाबलं जाणारच, मांजरीखाली पुठ्ठ्याचा एक तुकडा पुरे.

आत मजकूर मोठ्या अक्षरांत आणि मराठीतच लिहा, आईबाबा वाचून दाखवतील. 31 ऑक्टोबरला तिकडची मुलं सोंगं घेऊन घरोघरी खाऊ मागत फिरतात. तेव्हा, ‘यंदा तू कशाचं सोंग घेतलंस? आजीला फोटो पाठव’, एवढं लिहा. त्याला उत्तर द्यावंसं वाटेल. कार्ड सप्टेंबरअखेर पोस्टात पडू द्या.

प्रश्न : आमच्या संकुलात हॅलोविनला मुलांचा कार्यक्रम असतो. मैत्रिणीनं एका डिजिटल स्टॅम्पची फाइल पाठवली आहे. त्यावरून 40 कार्डं करून विकली तर चालेल का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : मैत्रिणीच्या फाइलवरून नको. तिनं ती स्वतःच्या वापरासाठी विकत घेतली आहे. फाइल अशी हातोहात फिरली की चित्रकाराच्या मेहनतीचे पैसे बुडतात, आणि हे काम करणारे बरेचजण घरात एकट्यानं काम करत असतात. तुम्ही स्वतः विकत घ्या आणि सोबतच्या अटी वाचा. हातानं रंगवलेली थोडी कार्डं विकायला अनेक चित्रकार परवानगी देतात. काहीजण संख्या ठरवून देतात, काहींना कार्डामागे आपलं नाव हवं असतं. अटी दिलेल्याच नसतील तर त्यांना लिहून विचारा. आणि 40 कार्डं करायचीच असतील तर भोपळामांजरीच्या भानगडीत पडू नका. एकटं पांढरं भूत निवडा. खालच्या कडेला जांभळ्याची एक फिकट झाक दिली आणि नारिंगी कार्डावर चिकटवलं की झालं.