ऑप्टिमस प्राइमचं री-इश्यू म्हणजे नकलीच ना? की 1984 चंच शोधू?

"री-इश्यू म्हणजे नकलीच" हे मी वीस वर्षांहून जास्त काळ मामेभावाच्या तोंडून ऐकतोय, म्हणून उत्तर लिहायला बसलो. नवख्यांसाठी: प्राइम म्हणजे ट्रान्सफॉर्मर्स खेळण्यांतला, ट्रकचा रोबो होणारा गडी; री-इश्यू म्हणजे जुनं खेळणं कंपनीनेच पुन्हा काढलेलं.

1986 मध्ये मामाने अमेरिकेहून प्राइम आणला, अर्थात स्वतःच्या मुलासाठी, म्हणजे आमच्या दादासाठी. आम्हा भाचरांना तो हात धुऊन, मांडी घालून बसल्यावरच मिळे. ज्यांनी तो हाताळलाय त्यांना माहीत आहे, त्याच्या मुठी सुट्या असतात. ट्रक करताना काढायच्या, रोबो करताना खोचायच्या. त्या दिवाळीत आम्ही प्राइमला किल्ल्यावर पहाऱ्याला उभं केलं (सिंहासनावरचे महाराज त्याच्यापुढे ठेंगणे दिसत होते, तरी कोणी हरकत घेतली नाही) आणि किल्ला मोडताना उजवी मूठ मातीत गेली. आजीच्या चाळणीने सगळी माती चाळली. मूठ नाही ती नाहीच. दोष माझ्यावर. का, तर मी सगळ्यात धाकटा.

2002 साली मी कामानिमित्त न्यू जर्सीत होतो. टॉईज आर अस या खेळण्यांच्या दुकानात तोच प्राइम पुन्हा विक्रीला आलेला दिसला. घेतला, खोका चेपू नये म्हणून विमानात मांडीवर धरून आणला. दादाने उघडला, एक नजर टाकली आणि म्हणाला, "धुराडी आखूड आहेत. डुप्लिकेट आणलंस."

अहो, अमेरिकेतल्या त्या री-इश्यूची धुराडी आखूडच आहेत! लहान मुलांच्या सुरक्षेचे नियम तिकडे कडक, म्हणून कापली. जपानी री-इश्यूत ती पूर्ण लांबीची आहेत. आणि मूळ म्हणाल तर दादाचा तरी कुठे मूळ? हे खेळणं टाकारा या जपानी कंपनीने 1983 मध्ये जपानात डायक्लोन मालिकेत 'बॅटल कॉन्व्हॉय' म्हणून काढलं, हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने 1984 मध्ये नाव बदलून अमेरिकेत विकलं. डायक्लोनच्या कित्येक खेळण्यांतून क्षेपणास्त्रं जोरात उडायची, हॅस्ब्रोने त्यांच्या स्प्रिंगा मुद्दाम नरम केल्या. मग तीही डुप्लिकेटच म्हणायची का?

तर तुम्ही जपानी री-इश्यू घ्या. 1984 चा माल काचेच्या कपाटवाल्यांसाठी. तो घ्यायचाच असेल तर मुठी, बंदूक, पेट्रोल पंपाची नळी आणि ट्रेलरमधली छोटी रोलर गाडी यांचे वेगवेगळे फोटो मागा. विक्रेता "फुल सेट आहे सर" म्हणाला तरी मागाच.

एक सांगायचं राहिलं. बाजारात चिनी नकलाही ढिगाने आहेत आणि त्यांतल्या काही लांब धुराड्यांच्या आहेत, त्यामुळे नुसतं धुराडं बघून काहीच ठरवू नका. दादालाही हेच सांगत होतो.

त्याने 'डुप्लिकेट' कपाटावर टाकला. पुढच्या दिवाळीला गेलो तर त्याचा जुना प्राइम दिवाणखान्यात उभा, दोन्ही मुठींसकट. उजवी जरा जास्तच चकचकीत होती.