मशीन लावलं नाही म्हणजे डॉक्टरने काम टाळलं का?

प्रश्न: मुलगी साडेचार वर्षांची आहे. खालच्या दोन दाढा किडल्यात, वरच्या पुढच्या दातांनाही खड्डे पडलेत. डेंटिस्ट म्हणाले मशीन नको, सिल्व्हरचं औषध लावू, पण कीड काळी दिसेल. सासूबाई म्हणतात दुधाचेच दात आहेत, पडतील की. मिस्टर म्हणतात हा डॉक्टर काम टाळतोय, नीट साफ करून सिमेंट भरणाऱ्याकडे जाऊ. मला तर तिला शाळेत चिडवतील याचीच धास्ती वाटते. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर: तुमच्या मिस्टरांसारखं बोलणारे पालक खूप भेटतात. घर्रर्र आवाज झाला, पोर रडलं, की ट्रीटमेंट झाली असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, आणि कुणी नुसतं ब्रशने औषध लावलं की पैसे कशाचे घेतले असं वाटतं! पण हे औषध (सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड, साधारण 38 टक्क्यांचं) काही जुगाड नाहीये, जपानमध्ये गेली पन्नासेक वर्षं वापरात आहे आणि 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात टणक करतं. काळा होतो तो फक्त किडलेला भाग, चांगला दात नाही, आणि काळा होऊन टणक झाला म्हणजे कीड थांबली.

सासूबाईंना सांगा, पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतील हे खरं, पण दाढांना दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायचंय, तोवर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली तर ठणका त्या पोरीलाच सोसायचाय.

म्हणून दाढांना मी बिनधास्त लावा म्हणेन. खड्डा मोठा असेल तर वरून स्टीलची कॅप बसवता येते, त्यालाही इंजेक्शन-मशीन लागत नाही (हॉल टेक्निक म्हणतात), चावताना थोडे दिवस उंच वाटतं मग बसतं. पुढच्या दातांचं मात्र तुम्हीच ठरवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. न्यूयॉर्कच्या पालकांचा एक अभ्यास 2017 मध्ये आला होता, त्यात दाढा काळ्या झालेल्या साधारण दोन तृतीयांश जणांना चालत होत्या, पुढचे दात जेमतेम तीस टक्क्यांना. पण हे औषध नको असेल तर उपचारासाठी पूर्ण भूल द्यावी लागेल म्हटल्यावर बरेच जण पुढच्या दातांनाही तयार झाले, आणि ते मला अगदी पटतं. कीड थांबली की पुढे वरून पांढरं सिमेंट भरता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

रात्री ठणकत असेल, हिरडी सुजली असेल, पू येत असेल तर मात्र हे औषध चालणार नाही, तिथे नसेचा उपचार नाहीतर दात काढणंच. चांदीची अ‍ॅलर्जी असेल तरी नाही. आणि औषध एकदा लावून विसरायचं नाही, साधारण सहा महिन्यांनी परत दाखवायचं. तोवर रात्री दुधाची बाटली बंद, फ्लोराइडची पेस्ट मटाराएवढी आणि ब्रश तुम्ही स्वतः करून द्यायचा.

जाताना तिला जुना फ्रॉक घाला, ओठाला लागलेला डाग आठवडा-दोन आठवड्यांत जातो, कपड्यावरचा जात नाही.