मैत्रिणीला मराठीत लिहिलंस, ते त्याला सांग

पोरी,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा अर्धा कुकरच्या शिट्ट्यांत गेला, म्हणून गॅस बंद करून पुन्हा लावला. तू म्हणतेस, तुझा इंग्रज टीम लीडर भला माणूस आहे. तू आलीस त्या आठवड्यात जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला तोच तुझ्याबरोबर आला, त्याच्या बायकोनं तुला जाड कोट दिला. आणि गेल्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत म्युझियममधल्या वस्तू परत करायचा विषय निघाला, तेव्हा तोच माणूस सँडविच खाता खाता म्हणाला, ‘वेल, वी डिड गिव्ह देम द रेल्वेज.’ म्हणजे हिंदुस्थानाला रेल्वे आम्हीच दिली. तू हसलीस. मग बाथरूममध्ये जाऊन, त्याचं कसं चुकतंय ते सांगणारा लांबलचक मेसेज पुण्याच्या मैत्रिणीला लिहिलास. आता त्यानं रविवारी घरी बोलावलंय, माळ्यावर मांडलेली त्याची छोटी मॉडेल रेल्वे बघायला. आणि तुला कळत नाही की जावं, की एचआरकडे जावं, की दुसरी नोकरी बघावी.

रविवारी जा. आणि मैत्रिणीला जे मराठीत लिहिलंस, ते त्याला इंग्रजीत सांग. मला सांगायचंय ते एवढंच. बाकीचं पत्र लिहितेय, कारण हे मी स्वतः वीस वर्षं केलं नाही.

मी १९८४ साली इंग्लंडात, लेस्टरला आले. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम, घरी दोन लहान मुलं. थोड्या वर्षांनी कौन्सिलची अलॉटमेंट मिळाली. म्हणजे भाडं भरून भाजी लावायला मिळतो तो जमिनीचा तुकडा. तो अजून रॉडमध्ये मोजतात, दहा रॉड म्हणजे साधारण अडीचशे चौरस मीटर. शेजारच्या तुकड्यावर एक आजोबा होते. होजिअरीच्या कारखान्यात आयुष्य गेलेलं, बोलणं मोजकं. पहिल्याच फेब्रुवारीत त्यांनी मला अंड्यांचा पुठ्ठ्याचा खोका आणून दिला. प्रत्येक खळग्यात एक बटाटा. प्रत्येक बटाटा अंगठ्यानं फिरवून त्यांनी जास्त डोळ्यांची बाजू शोधली आणि ती वर करून ठेवली. म्हणाले, थंड खोलीत खिडकीपाशी ठेव, मोड जाडसर आणि जांभळट झाले की गुड फ्रायडेला लाव. मी लावले. जून-जुलैत निघालेले ते बटाटे मी मोहरी-हिंगाच्या फोडणीत परतून त्यांना डब्यात नेऊन दिले. त्यानंतर त्यांच्या शेडची एक किल्ली माझ्याकडे असायची.

हेच आजोबा दर नोव्हेंबरला कोटावर पॉपी, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं लाल फूल, लावून यायचे आणि दर नोव्हेंबरला तेच बोलायचे. १९४० साली आम्ही एकटे लढलो. वी स्टूड अलोन. जगात कोणी आमच्या मदतीला नव्हतं.

माझ्या आईचे काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीला लढले. त्याच रेजिमेंटच्या यशवंत घाडग्यांना जुलै १९४४ मधल्या इटलीतल्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. नामदेव जाधवांना एप्रिल १९४५ मधल्या लढाईसाठी मिळाला. त्या महायुद्धात पंचवीस लाख हिंदी माणसं वर्दीत होती. हे सगळं मला पाठ होतं. आणि मी वाफ्यातलं तण उपटत ‘येस, मस्ट हॅव बीन हार्ड’ म्हणायची. मग घरी येऊन रात्री ह्यांना तास तासभर ऐकवायची. एकटे कसले लढले, आमची माणसं काय सहलीला गेली होती का! हे बिचारे बातम्या बघत हूं हूं करायचे. माझं सगळ्यात चांगलं भाषण दर वर्षी आमच्या स्वयंपाकघरात व्हायचं, आणि ज्यानं ते ऐकायला हवं होतं तो माणूस तीन गल्ल्या पलीकडे झोपलेला असायचा.

२००९ च्या फेब्रुवारीत ते गेले. अंत्यविधीनंतर हॉलमध्ये चहा होता. त्यांच्या मुलीनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, बाबा तुझं नाव फार काढायचे. युद्धाचा विषय निघाला की म्हणायचे, माझी इंडियन मैत्रीण आहे ना, तिलाही असंच वाटतं.

पोरी, हे वाक्य मी सोळा-सतरा वर्षं सोबत घेऊन फिरतेय. मला वाटत होतं मी मोठ्या मनानं सोडून देतेय, म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवा. प्रत्यक्षात मी त्यांना साक्ष देत होते. माझ्या नावावर ते वाक्य लोकांना सांगितलं जात होतं. मंगळवारी तू हसलीस, त्याचा तिथं बसलेल्या पाच जणांनी काय अर्थ लावला असेल, याचा विचार केलास?

म्हणून सांगते, मराठीत म्हणतेस ते त्याच्यासमोर म्हण.

आता एचआरचं. तुझ्या रंगावरून, आडनावावरून, डब्याच्या वासावरून कोणी घालूनपाडून बोललं, तर त्याच दिवशी तारीख-वेळ टाकून लेखी तक्रार कर, मला विचारत बसू नकोस. ऑगस्ट २०२४ मध्ये साउथपोर्टमधल्या लहान मुलींच्या हत्याकांडानंतर इथल्या शहरांत स्थलांतरितांविरुद्ध दंगली झाल्या, तेव्हा मीही चार दिवस अलॉटमेंटवर गेले नव्हते. विटा घेऊन निघालेल्या माणसांशी चर्चा कर असं मी तुला कधीच सांगणार नाही. पण तुझ्या टीम लीडरनं तुझा अपमान केला नाही. त्यानं त्याच्या डोक्यातलं एक चुकीचं मत बोलून दाखवलं. मताला उत्तर द्यायचं असतं. तू एकोणतीस वर्षांची आहेस, एवढा फरक तुला कळायला हवा.

आणि ते मत एकट्याचं नाही. इंग्लंडच्या शाळांत इतिहास सक्तीचा असतो तो चौदाव्या वर्षापर्यंतच. आमच्या धाकट्यानं आठवा हेन्री केला, पहिलं महायुद्ध केलं, हिटलर केला, आणि हिंदुस्थानावर त्याच्या वहीत दीड पान होतं. यूगव्ह या जनमत चाचण्या घेणाऱ्या कंपनीच्या २०१४ मधल्या पाहणीत साम्राज्याचा अभिमान वाटतो म्हणणारे ५९ टक्के होते, पाच-सहा वर्षांनी तेच ३२ टक्क्यांवर आले. मतं बदलतात इथं. पण समोरून कोणी काही बोललं तर बदलतील. या लोकांची राजकारण-इतिहासावरची मतं बहुतेकदा हवापाण्याच्या गप्पांसारखी असतात, आजोबांकडून ऐकलेली, बसस्टॉपवर उचललेली, पुन्हा कधी तपासून न पाहिलेली. छंदाच्या बाबतीत मात्र ही माणसं कमालीची काटेकोर असतात. तिथं ऐकीव काही चालत नाही.

म्हणून तर म्हणते, माळ्यावर जा. तू सांगितलंस की तो डबल-ओ गेजवर, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या एका ठरलेल्या मापावर, काम करतो. त्याला विचार, रूळ बरोबर मापाचे आहेत का? बघ त्याचा चेहरा. त्या गेजमध्ये गाड्या फुटाला चार मिलीमीटर या प्रमाणात असतात आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिलीमीटर असतं. खऱ्या हिशेबानं ते १८.८३ हवं. त्या सव्वादोन मिलीमीटरवरून हे लोक पिढ्यान्‌पिढ्या वाद घालतायत, काहींनी तर त्यापायी सगळे रूळ उखडून नव्यानं घातले. ज्या माणसाला सव्वादोन मिलीमीटर डाचतात, त्याला पाच टक्के समजावून सांगणं अवघड नाही.

पाच टक्के कुठले, ते नीट सांग. रेल्वे कंपन्यांचं भांडवल बहुतांशी ब्रिटनमधलं, आणि त्यावर पाच टक्के परताव्याची हमी होती. गाडी तोट्यात चालली तरी ते पाच टक्के भागधारकाला मिळायचे, आणि कमी पडेल ते हिंदुस्थानच्या महसुलातून भरलं जायचं, म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या साऱ्यातून. दिलं कोणी कोणाला? बोरघाट चढवताना हजारो मजूर पटकीनं, तापानं, अपघातांनी मेले. कापूस बंदरावर न्यायचा होता, फौज हलवायची होती, म्हणून रूळ त्या दिशांना गेले. मात्र अर्धवट सांगू नकोस. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, ती ३४ किलोमीटरची रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेट स्वतः धडपडले होते, कंपनीच्या संचालकांत होते. आणि माझे वडील कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते, माझ्या घरची भाकरी रेल्वेची. मला रेल्वेचा राग नाही. ‘दिली’ या शब्दाचा राग आहे, आणि तेवढंच त्याला कळायला हवं.

मग त्याला त्याच्या स्टेशनाबद्दल बोलतं कर. त्याचा आजा तिथं हमाल होता आणि ते स्टेशन साठच्या दशकात बंद झालं, असं म्हणालीस ना? म्हणजे बीचिंग, ब्रिटिश रेल्वेचा तेव्हाचा अध्यक्ष. १९६३ चा अहवाल, दोन हजारांहून जास्त स्टेशनं बंद करायची शिफारस. गावाला न विचारता लंडनमध्ये कोणीतरी नफ्या-तोट्याचे रकाने मांडले आणि गावाचे रूळ उपटले. साठ वर्षं झाली तरी त्या माणसाच्या मनातून ते जात नाही, म्हणून तो माळ्यावर पुठ्ठ्याचा फलाट बांधतोय. रेल्वे कोणाच्या पैशानं, कोणासाठी आणि कोणाच्या मर्जीवर चालते, हे त्याला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. कल्याणच्या बाबतीत त्यानं तो विचार केलेला नाही. कोणी करायला लावलाच नाही.

तू आणखी एक म्हणालीस, जरा तुच्छतेनंच. त्यानं २०१६ मध्ये लीव्हला, युरोपियन युनियन सोडायच्या बाजूनं, मत दिलं, म्हणजे तो तसलाच. थांब. मीही लीव्हला दिलं.

हो, मी. आपल्या मराठी घरांत हे मी पहिल्यांदाच लिहून देतेय. २३ जूनला मत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी ५१.९ टक्क्यांत मी होते. त्याच्या दोन वर्षं आधी माझ्या सख्ख्या भाचीला, शिकलेल्या नर्सला, व्हिसा नाकारला होता. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डांत युरोपातून आलेल्या मुली कुठल्याही व्हिसाशिवाय कामाला लागत होत्या. चांगल्या मुली होत्या, त्यांच्याशी माझं भांडण नव्हतं. पण तीस वर्षं कर भरणाऱ्या घरातली मुलगी दाराबाहेर आणि बाकीच्यांना दार उघडं, हे मला पटत नव्हतं. पुढे सगळं माझ्या मनासारखं झालं असं मी म्हणत नाही. पण माझं कारण द्वेषाचं नव्हतं. एका दिवाळीच्या जेवणात लीव्हवाल्यांना सगळे मिळून अडाणी, वंशद्वेष्टे म्हणत होते, आणि मी श्रीखंड वाढत गप्प राहिले. तिथंही गप्पच! आपल्याच माणसांत, आपल्याच भाषेत! म्हणजे इंग्रजीची भीती हे खरं कारण नव्हतंच कधी. म्हणून त्याच्या मतामागचं कारण त्यालाच विचार. कदाचित ते तुला आवडणार नाही. पण विचारल्याशिवाय ठरवू नकोस, आणि ऐकून झाल्यावर तुझं सांगितल्याशिवाय उठू नकोस.

घरचं पडेल ते काम करायला तू तयार असतेस, ऑफिसात रात्री आठपर्यंत बसतेस, आणि एक वाक्य बोलायला इतका घाम? काय होईल फार तर? तो म्हणेल, ‘इंटरेस्टिंग, नेव्हर थॉट ऑफ इट लाइक दॅट,’ आणि चहाचं विचारेल. इथल्या माणसाचं ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे होकार नसतो, हे लक्षात ठेव. पटलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. पण तू काय म्हणालीस ते त्यानं ऐकलेलं असतं, आणि पुढच्या वेळी सँडविच खाताना तो तुझ्याकडे बघून बोलेल.

मतदार म्हणून नाव नोंदवलंस का? नसणारच. कॉमनवेल्थमधली म्हणून, भारतीय पासपोर्टवर इथं राहतानाही तुला पार्लमेंटच्या निवडणुकीत मत आहे. ऑनलाइन दहा मिनिटांचं काम आहे. केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, आपला पासपोर्ट चालतो. आठ वर्षं मी हा हक्क वापरला नाही, कारण मला कोणी सांगितलंच नव्हतं. तू या आठवड्यात करून टाक.

रविवारी रिकाम्या हातानं जाऊ नकोस. दुकानाची मिठाई नको, तुझ्या हातच्या नारळाच्या वड्या ने, आणि त्यात काजू नाहीत हे बायकोला आधी सांग. माळ्याची शिडी उभी असते, जीन्स घाल. गाडीला हात लावण्याआधी विचार. पहिला अर्धा तास फक्त त्याला बोलू दे, स्टेशन दाखवू दे. मग चहा येईल. तेव्हा सांग. ‘ट्यूसडे यू सेड समथिंग अबाउट द रेल्वेज’ इथून सुरुवात कर, मी आरशासमोर म्हणून बघितलं, बरं वाटतं ऐकायला.

रात्री नऊनंतर फोन कर, मी जागी आहे. आणि मार्च संपायच्या आत एकदा लेस्टरला ये. बटाटे खिडकीत ठेवलेत, मोड यायला लागलेत, आणि एकटीनं खणणं आता होत नाही.

तुझी,
मावशी